ठुशीखालची रेघ

पहाडगंज, नवी दिल्ली
मंगळवार, ९ फेब्रुवारी १९९९

प्रिय प्रज्ञा,

रविवारी तुझ्या डोहाळजेवणात फुलांचा हार घालण्यासाठी तू ठुशी काढलीस आणि तुझ्या गळ्यावरची रेघ मला आरशात दिसली. त्याच्या थोडंच आधी तू सगळ्या बायकांत सांगितलं होतंस की डॉक्टरीणबाईंना बाळाचे ठोके जरा जास्तच जलद वाटले. यातली एकच गोष्ट मला कळली असती तर मी गप्प बसले असते. दोन्ही एकाच दुपारी कळल्या, म्हणून हे पत्र लिहिणं भाग पडलं.

फोन का केला नाही, असं तुझ्या मनात येईल. तुमच्याकडे फोन कौस्तुभ उचलतो आणि "आई, जरा होल्ड कर हं" म्हणून दुसऱ्याच कुणाशी बोलायला लागतो. शिवाय माझा आवाज शाळेत घडलेला आहे. मी "जेवलीस का" एवढंच विचारलं तरी समोरच्याला वाटतं, बाई गृहपाठ तपासतायत. तू "हो आई, चालेल आई" म्हणाली असतीस आणि फोन ठेवून रडत बसली असतीस. कागदावर माझा आवाज ऐकू येत नाही. तेवढा त्याचा फायदा. तेव्हा आधी बस, पाय वर घे आणि मग पुढे वाच. यात घाबरण्यासारखं थोडं आहे आणि धीर धरण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते क्रमानेच आलं पाहिजे.

कार्यक्रम छान झाला, हे मी तुला तेव्हा सांगायला विसरले. हिरवी साडी तुला शोभत होती. तुमच्या गुडगावात मोगरा मिळेना म्हणून बाबा इथल्या मंदिरामागच्या फुलवाल्याकडून पांढरी शेवंती घेऊन आले, आणि त्या शेवंतीचे बाजूबंद बघून तुमच्या शेजारच्या खुरानाबाई म्हणाल्या, "आंटीजी, आपके यहाँ तो दुल्हन दोबारा बनती है!" पेढा की बर्फीचा खेळ त्यांना इतका आवडला की तू वाटी उचलण्याआधी त्यांनी दोनदा देवाचं नाव घेतलं, जणू बाळ त्यांचंच. तू उचललेल्या वाटीखाली बर्फी निघाली. त्यावर तू हसत ठोक्यांचं सांगितलंस, आणि त्या लगेच म्हणाल्या, "बस, पक्का हो गया. दिल तेज़ तो लड़की!" सगळ्या हसल्या. मीही हसले असेन. पण त्या क्षणी माझ्या हातातलं ओटीचं ताट मी खाली ठेवलं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग हाराचा दोरा तुझ्या ठुशीत अडकला. खुरानाबाई म्हणाल्या, "निकाल दो ना इसे." तू मानेवर हात ठेवून "नको, राहू दे, राहू दे" म्हणत आत गेलीस. मी पिना घेऊन तुझ्या मागे आले होते. तुला वाटलं दार लावलंय. दाराला कडी नव्हती. मी आल्या पावली परतले, कारण तुला त्या वेळी माझी गरज नव्हती आणि मला एका खुर्चीची होती.

आता माझ्याबद्दल. तुझ्या लग्नापासून तू मला ठुशीशिवाय पाहिलेलं नाहीस. कौस्तुभने तर जन्मापासून पाहिलेलं नाही. त्याला वाटतं आईला दागिन्यांत तेवढाच एक आवडतो. प्रज्ञा, मला दागिने अजिबात आवडत नाहीत. ठुशी गळ्याला घट्ट बसते आणि जिथे बसते तिथेच सर्जन सुरी फिरवतो, एवढंच तिचं महत्त्व. बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला माझा गळा सुजला, डोळे वटारल्यासारखे झाले, वजन झरझर उतरलं, पेन धरलं की हात थरथरायचा. मिरजेला ऑपरेशन झालं आणि मी वाचले. घरी आल्यावर माझ्या आईने पहिलं काम केलं ते सोनाराकडे जाण्याचं. स्थळं बघायची होती ना. तुझ्या आईनेही तेच केलं असणार. पुण्यात तेवीस वर्षांच्या इंजिनीअर मुलीला कोण ठुशी करून घालतं? फार तर एखादी नाजूक साखळी घेतात. तू लग्नाला उभी राहिलीस तेव्हाच मला हे सुचायला हवं होतं, पण आपणच जे करतो ते दुसऱ्यात ओळखायला वेळ लागतो.

दिवाळीतल्या सकाळी आठवतात? तू पहाटे उठून रिकाम्या पोटी एक पांढरी गोळी घ्यायचीस आणि चहाला नको म्हणायचीस. म्हणायचीस, आधी योगासनं करते. मीही गोळी घेऊन चहाला नको म्हणायचे. मी सांगायचे, देवपूजा व्हायची आहे. बाबा बिचारे दोघींकडे आळीपाळीने बघत एकटेच चहा पीत बसायचे. माझी पूजा किती वेळाची असते ते त्यांना ठाऊक आहे, पण सुनेसमोर बोलले नाहीत. एका ओट्यापाशी उभ्या राहून दोन बायका एकच गोळी एकमेकींपासून लपवत होत्या. मला आता त्याचं हसू येतं. तुलाही यायला हरकत नाही.

कौस्तुभला तुझ्या ऑपरेशनचं माहीत असणारच. नवऱ्याला मान दिसते, मुलांना आईची दिसत नाही. तुम्ही ते आम्हाला सांगितलं नाहीत याचा मला राग नाही. माझा प्रश्न एकच आहे. तू तुझ्या डॉक्टरीणबाईंना काय सांगितलंस? माझा अंदाज असा की "थायरॉइडची गोळी चालू आहे" एवढं सांगितलंस. त्यांनी रक्त तपासलं, आकडे नीट आले, त्या पुढे गेल्या. थायरॉइड मंद असलेल्या बायका त्यांच्याकडे ढिगाने येत असतील, तू त्यांतलीच एक. तुझी थायरॉइड आधी मंद नव्हती, बेफाम होती, आणि म्हणून काढावी लागली, हे त्यांना कळायला गळा दिसायला हवा होता. गळ्यावर ठुशी होती.

तू म्हणशील, काढली ना ग्रंथी, मग संपलं. मीही तसंच समजत होते. कालपर्यंत.

काल, सोमवारी, मी सिद्धांतकडे गेले. सिद्धांत माझा विद्यार्थी. इथे पहाडगंजच्या आपल्या मराठी शाळेत तो पहिल्या बाकावर बसून इतके प्रश्न विचारायचा की मी त्याला मागच्या बाकावर पाठवलं, तर तिथून मोठ्याने विचारायला लागला. आता डॉक्टर आहे आणि थायरॉइडच्या पेशींवरच संशोधन करतो. वेळ घेतली नव्हती. मला बघून तो खुर्चीतून उठून उभा राहिला आणि त्याच्या हाताखालची मुलंही काही न कळता उभी राहिली. मी म्हटलं, बसा, हजेरी घ्यायला आले नाही. तो म्हणाला, "बाई, तुमचा भरवसा नाही."

त्याने मला जे सांगितलं ते तुला समजावं म्हणून मी रविवारच्याच एका गोंधळाचा आधार घेते. तुमचा नवा इंटरकॉम बिघडला होता, ते आठवतं ना? एरवी कसं चालतं? पाहुणा फाटकाशी येतो. तो काही वर तुमच्या स्वयंपाकघरात शिरत नाही. रखवालदार बटण दाबतो, वर घंटा वाजते, आणि दाराशी बसलेले बाबा "आले वाटतं कोणी" म्हणत चहाचं आधण ठेवायला सांगतात. पाहुणे आले, चहा झाला, घंटा थांबली. रविवारी मात्र बटण आतच रुतून बसलं. फाटकावर कुणी नव्हतं, घंटा मात्र वाजत होती, आणि बाबा दर वेळी आधण वाढवत होते. तिन्ही शेगड्यांवर पातेली चढली, दूध संपलं. शेवटी कौस्तुभने वैतागून गॅस बंद केला आणि पातेली उचलून नेली. चहा थांबला. पण घंटा थांबली का? ती वाजतच राहिली. आणि मग समोरच्या बिऱ्हाडातली नवी नवरी दार उघडून बाहेर आली, कारण तिची घंटाही त्याच तारेवर जोडलेली होती. काय म्हणाली आठवतं? "भैया, आपने बुलाया? मैंने तो चाय चढ़ा दी."

थायरॉइडच्या पेशीचं असंच आहे. तिच्या बाहेरच्या भिंतीवर ग्राही, म्हणजे घंटेची बटणंच, बसलेले असतात. मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीकडून एक संप्रेरक येतं आणि त्या ग्राहीला येऊन चिकटतं. ते स्वतः आत जात नाही. आत जातो तो निरोप. एकाकडून दुसऱ्याकडे होत तो पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचतो आणि तिथली ठरावीक जनुकं जागी होतात. प्रत्येक पेशीपाशी शरीराच्या सगळ्या पाककृती असतात, डोळ्याच्याही आणि नखाच्याही. थायरॉइडच्या पेशीत उघडतात ती आयोडीन आत ओढून घेण्याची आणि त्यातून संप्रेरक घडवण्याची पानं. रक्तात पुरेसं झालं की पीयूषिका गप्प होते आणि काम मंदावतं. मी कॉलेजात शिकले तेव्हा ग्रंथी स्रवते एवढंच लिहून मार्क मिळायचे. तिला स्रवायला सांगतं कोण, आणि पुरे कोण म्हणतं, हे आम्ही विचारलं नाही आणि आम्हाला कुणी विचारलं नाही. काल सिद्धांत कागदावर बाण काढत होता आणि मी पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी त्याला अडवून अडवून विचारत होते. त्याने मला मागे पाठवलं नाही.

तुझ्या आणि माझ्या आजारात काय होतं, तर आपलंच शरीर असे प्रतिपिंड, म्हणजे अँटीबॉडी, बनवतं जे त्या ग्राहीवर जाऊन बसतात आणि बटण दाबून धरतात. ते पीयूषिकेचं ऐकत नाहीत, कुणाचंच ऐकत नाहीत. पेशी बिचारी निरोप आला समजून राबत राहते. सर्जन ग्रंथी काढतो, म्हणजे कौस्तुभने पातेली उचलली. पण बटण दाबणारे रक्तात राहू शकतात, वर्षानुवर्षं. तुला त्यांचा त्रास नाही, कारण तुझ्या घरी आता चूलच नाही. मात्र ते वारेतून, नाळेच्या वाटेने, पलीकडे जातात. आणि पलीकडे एक नवं बिऱ्हाड आहे, त्याची कोरी चूल आहे, आणि अर्धे दिवस भरल्यावर तिथली घंटा ऐकू यायला लागते. मग बाळाचं हृदय धावायला लागतं. उदाहरण फार ताणू नये, असं मी मुलांना सांगायचे, म्हणून इथे थांबते.

हे तुझ्या बाबतीत झालंच आहे असं मी म्हणत नाही. सिद्धांतही म्हणाला नाही. ठोके जलद असायला दुसरी कारणंही असतात, साधीही असतात. पण तपासायला हवं आणि या आठवड्यात तपासायला हवं. आणि झालं असलंच तर त्याला उपाय आहे. बाळाची थायरॉइड शांत करणारं औषध तुलाच देतात, ते त्याच वाटेने बाळापर्यंत पोचतं, आणि तुझी नेहमीची गोळी तुझ्यासाठी चालू राहते. प्रमाण डॉक्टर ठरवतील, मी आणि खुरानाबाई नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते, कारण तू रात्रभर तोच विचार करत बसशील. हा आजार तुला माझ्याकडून आलेला नाही. सासू-सुनेला अजून तेवढं जवळचं नातं विज्ञानाने दिलेलं नाही. बायकांमध्ये हा आजार पुष्कळ दिसतो, आणि कौस्तुभने नेमकी त्यांतलीच शोधली, एवढंच. आणि तू काही चुकीचं केलंस म्हणूनही झालेला नाही.

आता जे मला ठाऊक होतं ते. कौस्तुभच्या आधी मला एक मुलगी झाली होती. कौस्तुभला हे माहीत नाही. आम्ही तेव्हा नुकते दिल्लीत आलो होतो आणि करोलबागेत एका खोलीत राहत होतो. ऑपरेशनला तीन वर्षं झाली होती, मी ठणठणीत होते. ती अगदी लहानखुरी जन्मली. डोळे टक्क उघडे. सतत भुकेली, सतत चळवळी, आणि कितीही पाजलं तरी अंगी लागायचं नाही. तिच्या छातीवर हात ठेवला की मुठीत चिमणी धरल्यासारखं वाटायचं. शेजारच्या कौशल्याबहेनजी तिला मांडीवर घेऊन म्हणायच्या, "ये तो रिंकू है हमारी, इसको कहीं जाने की जल्दी है." बारसं पुढे ढकललं होतं, त्यामुळे तेच नाव राहिलं. गावाहून सासूबाईंचं पत्र आलं, दृष्ट लागली असेल, मीठमोहऱ्या ओवाळा. मी विज्ञानाची पदवीधर, पण दुसरं काही हाताशी नसल्यामुळे ओवाळल्या. डॉक्टरांनी त्यांना त्या काळी जे ठाऊक होतं ते सगळं केलं. ती राहिली नाही. चार वर्षांनी कौस्तुभ झाला तो गुबगुबीत आणि झोपाळू. तोपर्यंत माझे बटण दाबणारे दमले असावेत.

त्यानंतर बाबांनी आणि मी रिंकूचं नाव काढलं नाही. ठरवून नाही. तो एक मुद्दा आम्ही दोघं वळसा घालून जात राहिलो आणि पुढे तोच रस्ता झाला.

काल निघताना मी सिद्धांतला विचारलं की आज असती तर? त्याने कागदावरच्या बाणावर पुन्हा पेन फिरवलं. मग म्हणाला, "बाई, प्रतिपिंड बाळ स्वतः बनवत नाही. आईकडून आलेले काही महिन्यांत विरून जातात. तोवर औषधाने सांभाळायचं. आज असती तर रांगायला लागेपर्यंत औषध सुटलं असतं." मी त्याचे आभार मानले आणि बाहेर आले. बसथांब्यावर उभी होते, बस आली आणि गेली, मग दुसरीही गेली. तुला वाटेल मी दुःखात होते. होतेच. पण त्यात दुसरंही काही होतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की तिला काय झालं ते कुणालाच कधी कळणार नाही. आणि ते एका मुलाला कळलेलं होतं, ज्याला मी मागच्या बाकावर पाठवलं होतं. घंटा कुठे वाजते, कोण वाजवतं, आत कुठलं पान उघडतं, सगळं. आणि ती थांबवता येते. घरी येऊन मी बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "रिंकूला हेच झालं होतं?" तिचं नाव मी त्यांच्या तोंडून त्यानंतर पहिल्यांदा ऐकलं. मग उठले, चहा करतो म्हणाले, आणि कुणी पाहुणा नसताना चार कप आधण ठेवलं. 

आता हे पत्र टपालाने का पाठवलं नाही ते सांगते. उद्या सकाळी मी स्वतः येऊन ते तुझ्या हातात देणार आणि एक शब्द न बोलता खाली जाणार आहे. माझ्यासमोर कुणाला मोकळेपणी रडता येत नाही हे मला ठाऊक आहे. शाळेतल्या मुलांना यायचं नाही, कौस्तुभलाही येत नाही. म्हणून तुला वाचायला एकटीला वेळ देते आहे. मी टॅक्सी थांबवून खाली त्या नव्या बागेत बसेन, जिथे झाडं अजून माझ्या कमरेएवढी आहेत. सिद्धांतने हार्मोनच्या डॉक्टरांशी बोलून ठेवलं आहे, अकराची वेळ मिळाली आहे. तिथेच बाळाची सोनोग्राफीही होईल. प्रतिपिंडांच्या तपासणीसाठी रक्त मुंबईला पाठवतात. त्या उत्तराची वाट बघत बसायचं नाही, असं तो म्हणाला. तुझ्या डॉक्टरीणबाईंना आपण दोघी मिळून नंतर भेटू. कौस्तुभला आता सांगायचं की संध्याकाळी, ते तू ठरव. रिंकूबद्दल मी सांगेन, ते माझं काम आहे. ज्या घरात एका मुलीचं नाव ठेवायचं राहून गेलं त्या घरात दुसऱ्या बाळाचं बारसं वेळेवर व्हावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. तपासायला डॉक्टरांना गळा दिसला पाहिजे. तू एकटीनेच मोकळ्या गळ्याने त्यांच्यासमोर बसायचं, असं नाही. मीही बसणार आहे.

तुझीच,
आई
(विजया)

बुधवार सकाळ, तुझ्या दारात, तुझ्या हाती दिलं: हे पत्र. डॉक्टरांच्या नावे सिद्धांतची चिठ्ठी. बाबांनी दिलेले बेसनाचे लाडू, वाटेत खायला. आणि डबीत माझी ठुशी. तुझीही त्याच डबीत ठेव आणि मग खाली ये.